चढणीवरची ट्राम

ट्राम चढणीच्या मधोमध थांबली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. पाउलानं ब्रेक लावला. पाऊस काचेवर पडताक्षणी गोठत होता. सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी हेलसिंकीत उजाडलंय असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. सूर्य दिसून एकोणीस दिवस झाले होते.

बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढून पाउलानं गेल्या उन्हाळ्यात ट्राम चालवायचा परवाना मिळवला होता. हा तिचा पहिला हिवाळा. चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडायचं बटण तिनं दोनदा दाबलं. वाळू पडली नाही. बाहेरची नळी बर्फानं बुजली होती.

"जागेवरच थांब," नियंत्रण कक्षातून आवाज आला. "वाळूची गाडी यायला दीड तास लागेल."

"हातानं टाकू का?"

"तू नवी आहेस, पाउला. घसरलीस तर चढणीच्या पायथ्याशी दुसरी ट्राम उभी आहे, माणसांनी भरलेली. थांब म्हटलं ना."

पाउलानं वळून दीड तास लागेल असं सांगितलं. गाडीत अकरा जण होते. कुणी मान वर केली नाही. जानेवारीत इथं सगळे असेच बसतात, टोपी भुवयांपर्यंत ओढून, हनुवटी मफलरमध्ये खुपसून, शेजारची जागा रिकामी ठेवून.

"दीड तास?" पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं विचारलं. तिच्या जाड कोटाखालून निळ्या रेशमी झग्याची कड दिसत होती. मांडीवर कागदात गुंडाळलेली फुलं. "अकराला आमचं लग्न आहे हो. वरच्या स्टॉपसमोरच कचेरी आहे. आजची वेळ गेली तर पुढची तारीख मार्चमधली."

"मार्चपर्यंत मी टिकेन," शेजारचा म्हातारा म्हणाला. "हिचं मन टिकेल का, ते सांगता येत नाही."

"तौनो, गप्प बस."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. दोन-तीन टोप्या वर झाल्या.

एल्मा शहात्तरची, तौनो एक्याऐंशीचा. बाहेर पदपथ काचेसारखा झाला होता. त्यांनी चालत जायचा प्रश्नच नव्हता. पाउलानं समोरच्या चढणीकडे पाहिलं. वरपर्यंत साठ मीटर असतील.

तिनं नियंत्रण कक्षाशी बोलायचं बटण दाबलं. "हातानं टाकू नये, असं नियमात लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही. पण..."

"मग मागच्या गाडीतली माणसं उतरवा. मी टाकतेय."

"जबाबदारी तुझी."

"माझीच."

बाकाखालच्या पेटीत वाळू कोरडी होती. "कुणाकडे भांडं आहे?" पाउलानं विचारलं. कुणी हललं नाही. मग एका विद्यार्थिनीनं डब्यातला ब्रेड काढून खिशात कोंबला आणि रिकामा डबा पुढं केला. बाबागाडीवाल्या बापानं एल्माला विचारलं, "बाळाकडे बघाल जरा?" आणि डोक्यावरची टोपी काढली. कुणी थर्मासचं झाकण आणलं.

पाउला रुळाशी गुडघ्यांवर बसली. "चिमटीनं टाका. उकडलेल्या बटाट्यावर मीठ भुरभुरवतात तसं. ढीग केलात तर चाक उचललं जाईल, कमी पडली तर घसरेल."

"चव बघू का?" बापानं विचारलं.

"बघा. मग सगळं ताट संपवावं लागेल."

पंचवीस मिनिटं नऊ माणसं त्या चढणीवर रांगत होती. कुणी घसरलं की दुसरा कॉलर धरून ओढायचा. नावं विचारून झाली. सूर्याला शिव्या देऊन झाल्या. विद्यार्थिनीच्या बोटांतला जीव गेला, तेव्हा एका गंभीर चेहऱ्याच्या गृहस्थानं आपले हातमोजे काढून तिच्या हातात घातले.

वाळू वरपर्यंत पोचल्यावर बापानं बाळाला घेतलं आणि सगळे पदपथाच्या कठड्याला धरून उभे राहिले. एल्मा आणि तौनो मात्र बसूनच.

"आजी, तुम्हीही उतरा. गाडी मागं गेली तर?" पाउलानं विचारलं.

"बाहेर तर मी घसरणारच. इथं निदान बसून घसरेन."

"दोघं एकदमच," तौनो म्हणाला आणि त्यानं एल्माचा हात धरला.

पाउलानं ब्रेक सोडला. ट्राम वीतभर मागं गेली. कठड्यापाशी कुणीतरी ओरडलं. पाउलानं अगदी हळू, पातेल्याखालची आच वाढवावी तशी, वेगाची दांडी पुढं सरकवली. चाकं एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली आणि मग खाली करकर आवाज आला. चाकांनी वाळू धरली होती. खिडकीबाहेर कठड्याचा एकेक गज मागं पडू लागला आणि ट्रामच्या बाजूनं नऊ माणसं धडपडत, हात हलवत वर येऊ लागली.

वरच्या स्टॉपवर तिनं दारं उघडली तेव्हा अकराला दहा कमी होते. दांडीवरची बोटं तिला दुसऱ्या हातानं सोडवावी लागली.

हातमोजेवाला गृहस्थ आणि विद्यार्थिनी दोन्ही बाजूंनी आधार द्यायला दाराशी उभे होते. एल्मा उतरता उतरता पाउलापाशी थांबली.

"पहिल्या लग्नाला मी चालत गेले होते," ती म्हणाली. "तेव्हा एवढी घाई नव्हती."

चौघं रस्ता ओलांडून कचेरीत शिरेपर्यंत पाउला बघत राहिली.

"पाउला, कुठं आहेस?" नियंत्रण कक्षानं विचारलं.

"वर."

तोच आवाज, जरा खाली आलेला. "मागची ड्रायव्हर विचारतेय, वाळू किती टाकायची."

पाउलानं आरशात पाहिलं. खाली, त्या करड्या उजेडात, दुसऱ्या ट्रामची सगळी दारं उघडी होती. वीस-पंचवीस माणसं रुळांच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर बसून, एकमेकांना धरत, वर येत होती.