वाटून दिलेला खून

ओट्यावरची ताटली खणकन पडली आणि रोहिदासने दोन्ही हातांनी कान झाकले.

"रखवालदाराच्या डोक्यात सळई घातली, तेव्हा अस्साच आवाज आला होता."

"ती बाळूनं घातली," हर्षदा म्हणाली. "तुम्ही गोदामाबाहेर टेम्पोत होता."

"मला आठवतंय ना."

आठवणारच. चोरीत साथ दिली म्हणजे खुनातही सारखाच वाटा, असं ठरवून कोर्टाने रोहिदासची त्या रात्रीची आठवण पुसली आणि बाळूची त्याच्या डोक्यात भरली. हर्षदाच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरीची काय ती शिक्षा खुशाल द्या, पण दुसऱ्याचा खून माणसाच्या हातात कोंबायचा, हा कुठला न्याय?

"अहो, आता कायदा बदललाय, ज्यानं मारलं त्याचाच खून. उद्या कोर्टात एवढंच सांगा, मी टेम्पोत होतो. बाळूची आठवण काढून टाकतील."

"खोटं कसं सांगू?"

"खोटं? तेव्हा तुम्ही फोनवर जुईला खारीची गोष्ट सांगत होता. मी इथे ऐकत होते."

रोहिदासने खूप आठवून पाहिलं आणि मान हलवली. "नाही गं."

सहा वर्षांची जुई दारातून सगळं ऐकत होती. ती आईला बिलगून हळूच म्हणाली, "मग आई, माझी गोष्ट त्यांनी कुठे टाकली?"