गटात न बसणारं पद

२०१३ साल. माझी नात आदिती पाचवीत होती. लांबच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी ती उचगावच्या शिकवणीला जायची. पोरीला जरा म्हणून चैन नव्हतं; वेणी घालतानाही पर्याय पुटपुटायची. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, पण ताटावरही माझा लेक अभिनंदन तिला प्रश्न घालायचा.

एकदा मीच म्हटलं, "जेवू दे की रं तिला! सोपा घालते मी. आई, बाबा, आजी, आदिती. गटात न बसणारं पद कुठलं?"

मला वाटलं, 'बाबा' म्हणेल. बाकी आम्ही सगळ्या बायकाच.

"मी," ती म्हणाली. "तुम्ही तिघं हितंच ऱ्हाणार न्हवं?"

अभिनंदनचा घास हातातच राहिला. सून चंदना ताक आणायला म्हणून उठली, ती लवकर आलीच नाही.

आदिती पास झाली आणि गेली. पुढं शिकून बंगळुरूला नोकरीला लागली. गेल्या वर्षी अभिनंदन दुकान विकून चंदनाला घेऊन तिच्याकडंच राहायला गेला. मी काही कोल्हापूर सोडलं नाही.


परवा फोनवर मी तिला म्हटलं, "आदे, त्या दिवशी तुझं उत्तर चुकलं बघ."