तुवालूचा नंबर

दोन वर्गांमधलं पार्टिशन काढून केलेल्या हॉलमध्ये आज अख्खं जग भरलं होतं. संयुक्त राष्ट्र दिन होता, आणि प्रत्येक मूल एकेक देश झालं होतं. पाच बड्या देशांना खुर्च्या, बाकी दुनिया सतरंजीवर. भाषणंही त्याच क्रमाने: आधी अमेरिका आणि सगळ्यात शेवटी तुवालू, कारण तो सगळ्यात लहान.

तुवालू म्हणजे तृप्ती. मागल्या वर्षी ती भूतान होती, आणि भूतानचा नंबर यायच्या आधीच शाळा सुटली होती. यंदाचं भाषण तिने म्हशीला ऐकवून ऐकवून पाठ केलं होतं. तिची आई सिंधुबाई निंदणी सोडून आली होती आणि दाराशी उभी होती. बड्यांची भाषणं लांबतात हे तृप्तीला ठाऊक होतं. तिला आत्ताच रडू येत होतं.

किशोर सरांनी अमेरिकेला बोलावलं. अमेरिका म्हणजे खंडेरावांचा हर्षल. तो उठला, पण माइककडे गेलाच नाही.

"सर, टेलपासून घ्या ना," तो म्हणाला.

सरांना काही कळेना. ते नाशिक रोडहून ये-जा करायचे, कालव्याच्या गोष्टी त्यांच्या कानावर कमीच पडत.

"आमचा मळा कालव्याच्या चारीच्या तोंडाशी हाय," हर्षल म्हणाला. "पण पाणीवापर संस्था झाल्यापासून पाणी आधी खाली टेलला, चारीच्या शेवटाला, तृप्तीच्या रानात जातं. मग वर वर येत आमच्याकडं. वरून घेतलं तर खाली पोचतच नाय."

खुर्चीतल्या रशियाने कपाळावर हात मारला. त्याला भाषण उरकून क्रिकेटला पळायचं होतं. सर मात्र हसले आणि त्यांनी तुवालूला बोलावलं.

तृप्ती माइकपाशी गेली. मग ती धडाधड बोलली. आमचं बेट लहान आहे, समुद्र वर चढतोय, आज तुम्ही ऐकलं नाही तर पुढे सांगायला आम्ही नसू. तुवालू कुठे आहे ते सिंधुबाईला माहीत नव्हतं, पण टेललाच असणार एवढं तिला समजलं. भाषण संपायच्या आधीच तिने टाळ्या वाजवल्या.

मग भूतान, नेपाळ, केनिया, ब्राझील असं करत जग वर वर येत गेलं. रशिया बोलत असतानाच घंटा झाली. सर ओशाळले. पाच मिनिटं सगळ्यांना थांबवू का, असं त्यांनी हर्षलला विचारलं.

"राहू द्या सर," हर्षल दप्तर उचलत म्हणाला. "अमेरिकेचं सगळ्यांनी ऐकलेलंच हाय."