लंगोट वाळेना

दुपारपासून तिसऱ्यांदा अंगावर घेतलं, तिसऱ्यांदा पोरीनं तोंड फिरवलं. वीस दिवसांचा जीव, मानेखाली घामोळ्यांनी लाल झालेला. बुद्धप्रिया तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत फेऱ्या घालत होती. कूलर जोरात फिरत होता, तरी पाठीला कपडा चिकटत होता.

पार्वतीबाईंनी कूलरमध्ये आणखी एक बादली ओतली. खिडकीच्या फटीतलं फडकं पुन्हा आत दाबलं.

"आई, खिडकी उघड. पाणी ओतून ओतून खोलीतली हवा भिजलीय सगळी. घाम वाळणार कुठं?"

"बाळंतिणीच्या खोलीत वारं घेतेत का? बाहेर त्रेचाळीस हाय. आगीत घालती का लेकराला?"

"कूलरला मागून कोरडी हवा लागती, अन् ओल्या हवेला जायला वाट. आयटीआयात हेच शिकवते मी."

"तिथं शिकीव. बाळंतपणं मी केलीत."

बुद्धप्रिया वाद घालत बसली नाही. दोरीवरचा लंगोट ओढून तिनं आईच्या हातात दिला. सकाळी नऊला कूलरसमोरच टांगलेला, चार वाजले तरी ओला.

"हाच अंगणात तारेवर टाकून ये."

पार्वतीबाई पुटपुटत गेल्या. दहा मिनिटांनी परतल्या तेव्हा हातातला लंगोट पापडासारखा कडक झाला होता. त्यांनी तो गालाला लावून बघितला. पोरगी आता रडून रडून थकली होती.

मग त्यांनीच कूलर ढकलत दारात नेला, त्याची पाठ अंगणाकडं केली. फडकं उपसलं. समोरच्या खिडकीची एक फळी उघडली.

हवा हलली. बऱ्याच वेळानं पोरीनं चाचपडत तोंड लावलं. एक घोट, मग दुसरा. आवळलेली मूठ हळूहळू सुटली.

पार्वतीबाई खिडकीशीच उभ्या होत्या.

"तुझ्या आधीचा बी वैशाखातलाच," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "असाच तोंड फिरवायचा. मी दार लावून, गोधडीत घेऊन बसले. बाराव्या दिवशी गेला. लोक म्हणले, कुठून तरी वारं लागलं. तवा खिडकी उघडली असती तर?"

वर्गात कुणी विचारलं असतं, तर बुद्धप्रियानं फळ्यावर मांडून दाखवलं असतं.

"कशानं गेला, कुणाला ठावं, आई," ती म्हणाली.

पार्वतीबाईंनी मान हलवली आणि खिडकीची दुसरी फळी पार भिंतीपर्यंत लोटली.