बर्फातली कुपी

"बघा ताई, पेशी काय सुरेख उजळल्यात," मॅडम म्हणाल्या.

ताईंनी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळोखात हिरवे ठिपके चमकत होते. म्हाताऱ्या झालेल्या पेशीत शिरलं की उजळायचं, असा हा रंग मॅडमनी तीन वर्षं खपून तयार केला होता. आजची प्लेट शेवटची. हिचा फोटो जोडला की शोधनिबंध रवाना.

"तुमच्या हाताला यश आहे हो."

ताई कसंनुसं हसल्या. याच हातांनी मागच्या महिन्यात पेशी वाढवायच्या कपाटाचं दार उघडं टाकलं होतं. सगळ्या प्लेटा वाया गेल्या. मॅडम तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "आणखी एक चूक झाली, तर तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीवर मला सही करता येणार नाही." ताईंना या आठवड्यात साठ वर्षं पूर्ण होत होती. सून म्हणायची, आता बसा निवांत. त्या निवांतपणाचीच त्यांना धास्ती होती.

मॅडम फोटो काढू लागल्या. ताई आवरायला वळल्या. बर्फाच्या डब्यात रंगाची कुपी होती. आजची तारीख, त्यांचंच अक्षर. झाकणावरची पट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

रंग घातलाच नव्हता.

बेसिन दोन पावलांवर होतं. कुपी तिथं ओतून दिली की कुणाला कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण याच रंगाच्या भरवशावर पुढे दवाखान्यात माणसं तपासली जाणार होती.

"मॅडम, मी रंग घालायला विसरले."

"कशात?"

"या प्लेटमध्ये."

मॅडमनी कुपी हातात घेतली, उजेडाला धरली. मग पडद्याकडे पाहिलं. "मग हे उजळतंय काय?"

ताईंनी अंगातला पांढरा कोट काढून हातावर घेतला.

"रंगाविना प्लेट आपण फक्त तरुण पेशींची लावत आलो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्या काळ्याच राहायच्या. म्हाताऱ्यांची कधी लावलीच नाही. त्यांचा स्वतःचाच उजेड असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन वर्षं, ताई."

मग त्यांनी पडद्यावरचा निबंध बंद केला.

"कोट घाला. उद्या पुन्हा लावू," त्या म्हणाल्या. "आणि उद्या आठवणीनं रंग घालू नका."