लाल कॅलिपर

“नंबर कशाला बघतोस मर्दा? रेसिंगचे ब्रेक हायत, नुसते पॅड बदल,” शेजारी उकिडवा बसलेला सर्जेराव म्हणाला. ही जुनी रॅलीची गाडी त्यानंच सुहासला विकली होती, दोस्तीखातर आधी मोठे ब्रेक बसवून. चाकांतून दिसणारे, ब्रेकचे पॅड धरणारे ते लाल कॅलिपर सुहास आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचा.

पण कुठले पॅड बसतील, हे कॅलिपरवर कोरलेल्या नंबराशिवाय कळणार नव्हतं. सुहासनं चाक उतरवलं आणि स्क्रूड्रायव्हरनं कॅलिपर खरवडला. लाल पापुद्रा निघाला. खाली कंपनीतून गाडीबरोबर आलेलाच जुना, गंजलेला कॅलिपर होता. ब्रेक बदललेच नव्हते, फक्त रंगवले होते.

“आयला, गॅरेजवाल्यानं मलाबी गंडवलं!” सर्जेराव कळवळला. “शप्पथ सांगतो.”

सुहासला ते पटलंही. मग कोकणातल्या सहली आठवल्या. बायकोपोरांना घेऊन तो ह्याच ब्रेकवर आंबा घाट उतरायचा. सर्जेराव माथ्यापर्यंत गाडीत गप्पा मारत यायचा आणि तिथं न चुकता उतरायचा.

“मला घाट लागतो गड्या. तुम्ही व्हा पुढं, मी मागनं एसटीनं येतो.”

एसटीही त्याच घाटातून उतरायची.