वह्या जमा करा

“तुम्ही कोणत्या पेपरच्या?” मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तिने तिसऱ्यांदा पेपरचं नाव सांगितलं. एकोणीस वर्षं ती याच पेपरची बातमीदार होती आणि त्यातली निम्मी मास्तरांच्या सभा ऐकण्यात गेली होती.

मास्तर चौऱ्याऐंशीचे. शाळा सोडून राजकारणात आले त्याला चाळीस वर्षं झाली, तरी नाव तेच राहिलं. आठ निवडणुका लढले, एकही हरले नाहीत. आता नवव्यांदा अर्ज भरला होता आणि सगळ्यांना एकच विषय मिळाला होता: यांना झेपेल का? वाहिन्यांवर रोज डॉक्टर बसत. मास्तर जिना कसा चढतात, ते हळू करून पुन्हा पुन्हा दाखवत. पक्षही धास्तावला होता. पक्षाने दुसऱ्या एकाचा पर्यायी अर्ज भरून ठेवला होता. मास्तरांबद्दल ठोस काही छापून आलं, तर मास्तरांचा अर्ज मागे घ्यायचा. मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत.

मुलाखत मास्तरांनीच मागितली होती. “जे दिसतं तेच लिहिणारी ती बाई पाठवा,” असा निरोप होता. छायाचित्रकार कोन शोधत होता, तेव्हा मास्तर स्वतःच खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. “इथे उजेड बरा आहे.”

“यंदा थांबायचं, असं तुम्ही भर सभेत म्हणाला होतात,” तिने विचारलं.

“ते दर वेळी म्हणतात,” शेजारी बसलेला मुलगा हसला. कचेरी, दौरे, पत्रं, सगळं तोच बघायचा. “गेल्या खेपेला ‘आता पुरे’ म्हणाले, तर लोकांनी पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या. लोक सोडतात होय? आणि बाबांशिवाय ही जागा निघत नाही.”

मास्तरांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “भाऊ, पंखा बंद कर.”

मुलाचं हसू विरलं. मास्तरांचा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती.

“रात्री झोप नाही झाली त्यांची,” मुलगा तिला म्हणाला आणि उठून पंखा बंद केला.

तिने पाण्याच्या योजनेबद्दल विचारलं. मास्तर नीट बोलायला लागले. टाक्या किती, नळ कुठवर आले, कुठे अडले. मध्येच थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उभे राहिले.

“तास संपला. वह्या जमा करा.”

त्यांनी तिच्या हातातली वही काढून घेतली, बगलेत धरली आणि छायाचित्रकारासमोर हात पसरला. “तुझी?”

छायाचित्रकाराने सवयीने आधी बटण दाबलं. मग म्हणाला, “घरी राहिली, सर.”

मुलाने त्यांना दंडाला धरून आत नेलं.

जिना उतरताना छायाचित्रकाराने कॅमेरा तिच्यापुढे धरला. “पहिलं पान, ताई! हात पुढे, नजर थेट कॅमेऱ्यात. जन्मभर उभा राहिलो असतो तरी असा फोटो मिळाला नसता.”

“हं,” ती म्हणाली.

तिला वडील आठवत होते. शेवटची दोन वर्षं ते झाकायचे. नाव सुचलं नाही की खोकायचे, विषय बदलायचे. मास्तरांनी काहीच झाकलं नव्हतं. म्हणजे दुखणं फार पुढे गेलंय, असा तिने अंदाज बांधला.

ऑफिसात संपादक तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “सात वाजता पान छपाईला सोडायचंय. मोघम नकोय मला. माणूस ठीक आहे की नाही, एवढं सांग.”

काय लिहायला हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं. मत देणाऱ्यांना ते कळायलाच हवं होतं. पण वडील एकदा एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून बाहेर पडले होते, तेव्हा गल्ली हसली होती. ती गल्ली दहा घरांची होती. मास्तरांचा तो पसरलेला हात उद्या सकाळी लाखो फोनांवर फिरला असता.

“थकलेत,” ती म्हणाली. “वयाने थकतात तसे. डोकं शाबूत आहे.”

“मग तसं लिही.”

संपादक गेल्यावर छायाचित्रकार खाली वाकून कुजबुजला, “ताई, वेड लागलंय का तुम्हाला?”

“तो फोटो पुसून टाक.”

“बक्षीस होतं ते माझं.”

“माहीत आहे. पूस.”

त्याने पुसला. आठवडाभर तो तिच्याशी नीट बोलणार नव्हता, तेही तिला माहीत होतं. तिने चारशे शब्द लिहिले: उत्तरं मोजून, स्मरण स्वच्छ. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलेलं लिहिलं नव्हतं. त्याचा शीण सकाळीही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाहिन्यांनी तिचीच बातमी वाचून दाखवली. डॉक्टर घरी गेले. पक्षाने पर्यायी अर्ज मागे घेतला. तीन वाजले.

सव्वातीनला तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

“मी मास्तर बोलतोय. मुदत संपली ना?”

“हो, मास्तर.”

“तो फोटो नाही छापलात.”

तिने आवाज खाली आणला. “पुसून टाकला. तुम्ही काळजी करू नका. कोणाला काही कळणार नाही, माझा शब्द आहे.”



“म्हणजे आणखी पाच वर्षं,” मास्तर म्हणाले.

“निभेल, मास्तर. मुलगा आहे की सोबत.”

“तोच तर आहे. बाई, आठ दिवस आरशासमोर उभा राहून सराव केला होता मी.”